कलोपचाराला हवे पदव्युत्तर शिक्षण

मा. संपादक, स. न. वि. वि.

चार दिवसांच्या कार्यशाळेच्या बळावर ‘आर्ट थेरपिस्ट’ (चित्रकलेसारख्या कलेच्या माध्यमातून मानसोपचार करणारा कलोपचारक) अशी पाटी लावली जाते, ही बाब चिंताजनक आहे. ब्रिटनमध्ये हे पदनाम कायद्याने संरक्षित असून, मान्यताप्राप्त पदव्युत्तर शिक्षण आणि हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल या नियामक संस्थेकडील नोंदणी यांशिवाय ते कोणालाही लावता येत नाही. तेथील विद्यार्थी अनुभवी उपचारकाच्या देखरेखीखाली रुग्णालयांत, शाळांत प्रत्यक्ष काम करतो आणि शिकत असताना स्वतःही मानसोपचार घेतो. ही अट मला सर्वांत मोलाची वाटते. मुलाने घराचे चित्र काढून त्यावर काळा रंग फासला, तर घाईने अर्थ न लावता त्याच्याशेजारी शांत बसणे, हे केवळ चित्रकला येते म्हणून जमत नाही. आपल्या विद्यापीठांनी सरकारी मनोरुग्णालयांच्या साहाय्याने कला आणि मानसशास्त्राच्या पदवीधरांसाठी असा पूर्णवेळ अभ्यासक्रम सुरू करावा.

— एक वाचक, पुणे