पिशवीतली चिठ्ठी

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास की रेंज गेली? नाना म्हणतात रेंज गेली असेल. म्हणून लिहायला बसले. बंडूमामा उद्या पहाटेच्या एसटीने पुण्याला निघालाय, त्याच्याकडे पिशवी देते.

कांद्याच्या निर्यातबंदीवर तू बोललीस त्या व्हिडिओचं लिहायचं नाही असं ठरवलंय. पण काल आक्कांच्या जावयांचा फोन आला. "तुमची ताई जोरात आहे की!" हसतच म्हणाले, तरी मला रात्रभर डोळा लागला नाही. उद्या तुझी सरकारी नोकरीत निवड झाली तर पडताळणीचा कागद इथल्याच पोलीस ठाण्यात येणार. तिथे कुणी तुझं नाव काढून ठेवलं असेल तर? तू खोटं बोलली नाहीस. पण गाव, आडनाव सगळं सांगूनच बोलायला हवं होतं का?

जाऊ दे.

मात्र एक चुकलीस. २०२३ ला कांद्यावर निर्यातशुल्क लावलं आणि निर्यातबंदी केली, असं एका दमात म्हणालीस. ऐकणाऱ्याला वाटतं एकाच दिवशी झालं. ४० टक्के शुल्क लागलं १९ ऑगस्टला, उन्हाळ कांदा चाळीत असताना. ओरड झाली तसं सरकारने २,४१० रुपये क्विंटलने दोन लाख टन घेतो म्हणून जाहीर केलं. बंदी आली ८ डिसेंबरला, लाल कांदा काढणीला आल्यावर. आधी चाळीतला मारला, मग वावरातला. त्या दिवशी नाना पहाटे ट्रॅक्टर घेऊन गेले होते. लिलावच निघाले नाहीत, भरला ट्रॅक्टर तसाच दारात. तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. मेसचे पैसे त्या महिन्यात उशिरा का आले, ते आता कळलं असेल.

मग एप्रिलात गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी, आपला अडकलेलाच. ४ मे ला बंदी उठली ती मतदान तोंडावर आलं म्हणून, आणि तीही ४० टक्के शुल्क ठेवून. १९९८ ला कांद्याने दिल्लीतलं सरकार घालवलं, तेव्हापासून जो येतो तो शहरातल्या भाजीवालीलाच भितो. २०२४ ला आपल्या दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या, तेवढ्यापुरती आमची आठवण झाली.

बांगलादेशाचं मात्र छान सांगितलंस. २०१९ ला त्यांच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन म्हणाल्या होत्या ना, कांदा बंद करायचा तर आधी सांगत जा, मी स्वयंपाक्याला बिनकांद्याचं करायला सांगितलंय. सगळे हसले. गिऱ्हाईक उंबऱ्यावर येऊन सांगून गेलं, आणि पुढच्याच सप्टेंबरात आपण पुन्हा तेच केलं. न सांगता दोनदा रतीब बंद केला तर बाई दुसरा गवळी बघते, नाहीतर दारात म्हैस बांधते. त्यांनी दोन्ही केलं. इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तान, जिथून मिळेल तिथून आणला, आणि मग स्वतःच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून आपला अडवायला लागले. हे शेजाऱ्याला पहिला मान देणारं धोरण! १ एप्रिल २०२५ ला शुल्क काढलं, पण तोवर गिऱ्हाईक राहिलंय कुठे? यंदा आपला उन्हाळ क्विंटलला आठशेने गेला. गोल्टीचं, बारक्या कांद्याचं, तर विचारूच नकोस.

बघ, मीच भाषण द्यायला लागले. तुझ्यात हे कुठून आलं म्हणून नाना माझ्याकडे बघतात, ते उगीच नाही.

१९८० ला खेरवाडीला शेतकरी संघटनेच्या रेल रोकोत गोळीबार झाला, दोन शेतकरी गेले. तुझे अप्पा आजोबा तिथे होते. मी आठ वर्षांची. दोन रात्री ते घरी आले नाहीत. तुझी आजी चूल पेटवायची, भाकरी न टाकताच विझवायची. त्यांचा संघटनेचा लाल बिल्ला तिने बाजरीच्या कोठीत पुरून ठेवला होता, पोलीस आले तर सापडू नये म्हणून. आणि तीच आजी १९८६ ला मला हाताला धरून चांदवडला संघटनेच्या बायकांच्या अधिवेशनाला घेऊन गेली. पदरावर तोच बिल्ला. एवढ्या बायका मी तोवर जत्रेतसुद्धा पाहिल्या नव्हत्या. तिची भीती कधी गेली, हे विचारायचं राहून गेलं. माझी काही अजून जात नाही.

तू बोलू नकोस असं नाही म्हणत. म्हणजे परवा म्हणाले, ते रागात. "तुला कुणी पुढारी केलं" हेही म्हणाले, ते मनाला लावून घेऊ नकोस. पण सोसायटीचं कर्ज अजून तसंच आहे, नानांचा गुडघा तू बघितलास, आणि आम्ही सगळी मदार त्या एका यादीवर ठेवून आहोत. एवढं ओझं तुझ्यावर टाकायला नको, कळतं मला. तरी एखादा गुन्हा दाखल झाला की तारखा सुरू होतात, मग कोण विचारतं तू खरं बोललीस का खोटं.

परत तिथेच आले.

पिशवीत शेंगदाण्याची चटणी, बाजरीचं पीठ आणि चार किलो कांदे आहेत. मोड आलेले वर ठेवलेत, ते आधी संपव. खोलीतल्या मुलींनाही दे, विकत घेऊ देऊ नकोस.

नानांनी व्हिडिओ तीनदा बघितला. गोठ्यात जाऊन, आवाज बारीक करून. मला वाटतं चौथ्यांदाही बघतील. आडनाव तेवढं काढता येत असेल तर काढ. नसेल निघत तर राहू दे, पण ऑगस्ट-डिसेंबरचं नीट कर. पुढच्या वेळी तारखा आधी मला विचार.

तुझी,
आई