दाराआडून बघ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर मी तुझं बोलणं मध्येच तोडलं आणि "आजच्या आज पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखव" एवढंच म्हणून फोन ठेवला, ते तुला तुटक वाटलं असेल. पण तुझ्या निळा-पिवळी या बजींच्या (छोट्या पोपटांच्या) जोडीबद्दल बोलताना "पिवळी दुपारची जरा फुगून बसते, मी जवळ गेलो की लगेच टवटवीत होते" असं तू म्हणालास आणि माझ्या पोटात गोळाच आला. तिला नेऊन आणल्याचा तुझा निरोप रात्री मिळाला तेव्हा कुठे डोळा लागला. विष्ठेच्या तपासणीचा अहवाल यायला दोन दिवस आहेत ना? तेवढ्यात तुला हे सगळं नीट लिहून काढतो.

"जवळ गेलो की टवटवीत होते" हे वाक्य मी चिकूबद्दल आठवडाभर म्हणत होतो. चिकू तुला आठवत असेल, माझी पहिली हिरवी बजी. दुपारी दांडीवर पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसायची. मी खोलीत पाऊल टाकलं की पिसं अंगाला चापून बसायची, मान ताठ व्हायची आणि ती सरळ दाण्याच्या वाटीकडे जायची. टुकटुक दाणे फोडल्याचा आवाज यायचा. मला वाटायचं, खातेय की व्यवस्थित. आठव्या दिवशी पिंजऱ्याचा ट्रे साफ करताना मला टरफलांमध्ये सोललेले, पांढरट, अख्खे दाणे दिसले. ती दाणा चोचीत घेत होती, सोलत होती आणि खाली टाकून देत होती. गिळत नव्हती. त्या क्षणी तिला हातात घेतलं तर छातीचं मधलं हाड बोटाला सुरीच्या पाठीसारखं लागलं. दोन्ही बाजूंचं मांस गेलेलं होतं. डॉक्टरांनी काट्यावर ठेवलं, २४ ग्रॅम. त्यांनी विचारलं, "एरवी किती असायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन वर्षं तिला सांभाळलं आणि एकदाही तिचं वजन केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

तिने मला फसवलं नाही, तिचा जन्मच तसा. बजी मूळचे ऑस्ट्रेलियाच्या माळांवरचे, मोठमोठ्या थव्यांनी राहणारे. थव्यात जो मागे पडतो, जो ढिला दिसतो, त्याच्यावर शिकारी पक्षी आधी झडप घालतो. म्हणून अंगात बळ असेपर्यंत पक्षी आजार दाखवतच नाही, आणि आपण समोर उभे असताना तर नाहीच. त्याच्या लेखी आपणही एक मोठा प्राणीच. तेव्हा त्याला बघायचं तर दाराआडून, त्याला कळू न देता. रोज पाच मिनिटं तरी. मी पडद्याच्या फटीतून बघतो.

आता फुगण्याबद्दल. प्रत्येक फुगलेला पक्षी आजारी नसतो, हे लक्षात ठेव, नाहीतर तुझ्या जिवाला उगाच घोर. डुलकी घेताना, अंघोळीनंतर, गारव्यात सगळेच फुगतात. निरोगी पक्षी झोपताना बहुधा एक पाय पोटात घेतो आणि झोपेआधी चोच बारीक करकर वाजवतो. तो समाधानाचा आवाज आहे. दोन्ही पायांवर, खाली वाकून, दिवसाढवळ्या तासन्‌तास फुगलेला, आणि शेजारचा निळा ओरडत असतानाही गप्प, असा दिसला तर मात्र थांबायचं नाही. दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी येऊन बसला तर तासांचा हिशोब सुरू झाला असं समज.

दुसरी गोष्ट शेपटी. फुगलेल्या पक्ष्याची शेपटी बघ. प्रत्येक श्वासागणिक ती पंपाच्या दांड्यासारखी वर-खाली होत असेल, तर त्याला श्वास ओढायला कष्ट पडताहेत. पक्ष्याच्या अंगात फुप्फुसांखेरीज हवेच्या पिशव्या असतात, त्या पोटापर्यंत पसरलेल्या. त्यामुळे श्वासाचा आजार झटकन सगळीकडे जातो, आणि पोटात वाढलेलं काहीही, अडकलेलं अंडं असो की गाठ, श्वासावर येतं. उडून आल्यावर मिनिटभर शेपटी हलणं निराळं. बसल्या जागी हलणं, चोच उघडी टाकून श्वास, श्वासाबरोबर टिकटिक आवाज, किंवा किलबिलाटाचा सूर बदलून घोगरा होणं, हे सगळं डॉक्टरांकडे न्यायचंच. बुरशी लागलेल्या दाण्यांतून आणि ओलसर कोंदट जागेतून ॲस्परजिलस नावाची बुरशी श्वासात जाते, तिच्यात आवाज आधी बदलतो असं पुष्कळदा होतं. दाण्यांच्या डब्याला कुबट वास आला तर अख्खा डबा फेकून दे, निवडत बसू नकोस.

विष्ठेबद्दल लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण पक्षी बोलत नाही ते ती बोलते. ट्रेवर पांढरा साधा कागद घाल आणि रोज सकाळी बदल. वर्तमानपत्र नको, छपाईवर रंग कळत नाही. एका ठिपक्यात तीन गोष्टी असतात: हिरवी किंवा तपकिरी वळी, तिच्यावर पांढरा खडूसारखा भाग, आणि भोवती थोडं पाणी. पांढरा भाग आणि पाणी ही दोन्ही त्याची लघवीच. काकडी खाल्ली तर पाणी वाढणार, बीट खाल्लं तर रंग लाल येणार, त्याला घाबरायचं नाही. पण पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी झाला तर यकृताचं दुखणं असू शकतं. ठिपक्यात न पचलेले अख्खे दाणे दिसले तर पोटाचा आजार, बजींमध्ये जठरातल्या यीस्टमुळे हे बरंच दिसतं. वळीच नाही, नुसता पांढरा आणि गडद हिरवा चिकट डाग असेल, तर पक्षी उपाशी आहे, वाटी कितीही भरलेली दिसो. आणि ती वाटी रोज फुंकून बघ. वरचा थर टरफलांचाच असतो, लांबून वाटी भरलेली वाटते आणि पक्षी रिकाम्या वाटीसमोर बसलेला असतो.

ठिपके मोजायचीही सवय लागते. निरोगी बजी दिवसाला साधारण ३० ते ५० ठिपके टाकतो. निम्मे झाले की खाणं कमी झालं असं समज.

उलटीत आणि लाडात फरक आहे. तुझा निळा आरशाला किंवा पिवळीला मान वर-खाली करून दाणे भरवताना दिसेल, ते प्रेम आहे. उलटी करणारा पक्षी डोकं जोरात झटकतो, दाणे चहूकडे उडतात आणि डोक्यावरची पिसं चिकट, गोळा झालेली दिसतात. ती पिसं हीच खूण समज.

चेहरा रोज उजेडात बघ. चोचीच्या मुळाशी, नाकपुड्यांच्या मांसल भागावर, डोळ्यांच्या कडेला चुन्यासारखा पांढरट खरखरीत थर आणि त्यात सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसली, तर ते खरजेचे किडे. पायांवरही चढतात. वेळेत औषध मिळालं तर हा आजार पूर्ण बरा होतो, चोच वाकडी होईपर्यंत थांबलं तर वाकडेपणा राहतो. आणि तेल चोळणं वगैरे कुणी सुचवलं तर ऐकू नकोस, पिसांना तेल लागलं की ऊब धरण्याची त्यांची ताकद जाते. निळ्याचा तो नाकावरचा भाग निळाच राहायला हवा. मोठ्या वयाच्या नराचा निळा भाग तपकिरी होऊ लागला तर आत वृषणाची गाठ असू शकते, आणि अशी गाठ नसेवर दाबली की एक पाय लंगडा पडतो. पाय मुरगळला असेल म्हणून लोक वाट बघत बसतात. पिवळीचा भाग तपकिरी, जाडसर होणं मात्र अंड्यांच्या काळात स्वाभाविक.

अंड्यांवरून आठवलं. मादी नराशिवायही अंडी घालते. पिंजऱ्याच्या तळाशी, पाय फाकवून, शेपटी हलवत, कण्हल्यासारखी जोर करताना दिसली तर अंडं अडकलंय. कॅल्शियम कमी पडलं की हे होतं. ऊब दे आणि तडक निघ. पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्न कधीही करू नकोस, आत फुटलं तर मादी हाती लागत नाही.

नुसत्या दाण्यांवर वाढवलेल्या पक्ष्यांत जीवनसत्त्व अ कमी पडतं. नाक सतत वाहतं, तोंडात पांढरे चट्टे येतात. पालेभाजी, गाजर हळूहळू सवयीचं कर. तू ते करतोसच म्हणालास, बरं वाटलं.

तुझ्या स्वतःसाठीही एक. सिटाकोसिस नावाचा आजार पक्ष्यांकडून माणसाला होतो, वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात गेली की. ट्रे नेहमी ओल्या कापडाने पुस, झाडू नकोस. तुला ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला झाला तर घरात पक्षी आहेत हे डॉक्टरांना आधी सांग. पक्ष्याचा उपचार साधारण ४५ दिवस चालतो, मधेच बरा दिसला म्हणून थांबवायचा नाही.

अहवाल येईपर्यंत पिवळीला वेगळ्या पिंजऱ्यात ठेव, पण निळ्याचा आवाज तिला येईल असं. पिंजरा तीन बाजूंनी झाक, एका बाजूने ऊब दे, आत साधारण ३० अंश. दुसरी बाजू थंड राहू दे, नको वाटलं तर तिला सरकता यायला हवं. पंख अंगापासून दूर धरून धापा टाकू लागली तर ऊब जास्त झाली. दांडी खाली आण, दाणे आणि पाणी अगदी तिच्या चोचीजवळ. घरातलं माणसांचं अँटिबायोटिक पाण्यात मिसळून देऊ नकोस. आजारी पक्षी पाणीच कमी पितो, मात्रा पोटात जातच नाही. आणि नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवू नकोस, त्याच्या वाफेने धडधाकट पक्षीही काही मिनिटांत जातो.

शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं. ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा आण, त्यावर एक हलकी दांडी बसव, ती शून्य कर आणि रोज सकाळी, खाण्याआधी, त्यांना त्यावर उतरायला शिकव. हळूहळू दोघेही आपणहून येतील. वहीत तारीख आणि आकडा लिही. बजी साधारण ३० ते ४० ग्रॅमचा असतो, पण हा आकडा तुझ्या कामाचा नाही, तुझ्या पक्ष्याचा स्वतःचा आकडा कामाचा. ३६ ची ३३ झाली, म्हणजे बारावा भाग गेला. पक्षी तेव्हाही टवटवीत दिसत असेल. काटा त्याच्यासारखं लपवत नाही. चिकूनंतर माझ्या घरात आलेल्या प्रत्येकाची वही आहे, आणि गेल्या वर्षी कॉकेटीलचं (तुऱ्याच्या पोपटाचं) ९४ चं ८८ झालेलं बघूनच मी त्याला घेऊन गेलो. डोळ्यांना तोवर काहीसुद्धा दिसलं नव्हतं. जंतुसंसर्ग निघाला. आज तो माझ्या खांद्यावर बसून या कागदाचा कोपरा कुरतडतोय.

काल डॉक्टरांनी पिवळीचं वजन किती सांगितलं ते तू लिहिलंच नाहीस. तो आकडा कळव. आणि उद्या सकाळचाही.

तुझाच,
जुना मित्र