ठासणीची बंदूक, १० किलोमीटरचा पट्टा आणि रानडुक्कर : वनमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय वनमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी मुरुड तालुक्यातला भातशेतकरी. आमची शेती फणसाड अभयारण्याच्या कडेला आहे. पत्र रानडुकरांवरून लिहितोय पण मुद्दा बंदुकीचा आहे. अभयारण्याजवळच्या गावांत कोणती बंदूक चालणार, ती कोणाला मिळणार आणि परवानगी कोण देणार हे आज जसं ठरलंय त्यात शेतकरी पण मरतो, जनावर पण हाल होऊन मरतं आणि जंगलाचं पण भलं होत नाही, म्हणून यात बदल करा एवढंच मागणं आहे.

फणसाड म्हणजे पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान, १९८६ साली अभयारण्य झालं. ते झालं हे चांगलंच झालं, आमच्या विहिरींना पाणी त्या जंगलामुळे आहे हे गावात कोणालाही विचारा. तक्रार अभयारण्याची नाहीच. तक्रार आहे ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातलं कलम ३४ ज्या पद्धतीने राबवलं जातं त्याची. हे कलम सांगतं की अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या माणसाला मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय बंदुकीचा नवीन परवाना द्यायचा नाही. साहेब, एका ठिपक्याभोवती १० किलोमीटरचं वर्तुळ काढलं तरी ते ३१४ चौरस किलोमीटर भरतं, आणि अभयारण्य काही ठिपका नसतं, म्हणजे मुरुड अलिबाग रोहा इकडची कितीतरी गावं त्यात आली. आणि मुख्य वन्यजीव रक्षक बसतात नागपूरला. म्हणजे नांदगाव बोर्लीच्या शेतकऱ्याचा कागद राज्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायचा, तोवर भात कापून खळ्यावर आलेलं असतं, डुकरांनी काही शिल्लक ठेवलं असेल तर.

यात सगळ्यात जास्त अडकतात ते वारसाचे परवाने. कोकणात शेतीसंरक्षक बंदुका बापाकडून मुलाकडे येतात, बाप गेला की बंदूक जमा करावी लागते आणि मुलाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. हा अर्ज नवीन धरला की परत संमतीचा फेरा सुरू. ज्या घरात दोन पिढ्या बंदूक होती आणि कधी एक गुन्हा नोंदला गेला नाही त्या घराला पण तेच.

आता बंदूक कोणती ते सांगतो कारण मंत्रालयात बसून हे कळणं अवघड आहे. आमच्याकडच्या जुन्या बंदुका बऱ्याचशा ठासणीच्या. नळीत तोंडाकडून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्या, मग शिशाचे छर्रे, गजाने ठासायचं, मागे केप लावायची आणि एकच बार. पावसाळी हवेत दारू सर्द झाली की नुसतंच फुस्स होतं. बार लागला तरी तो डुकराच्या जाड कातडीत आणि चरबीत अर्धवट घुसतो, जनावर जखमी होऊन रानात पळतं, तिथे चार दिवस कुजत मरतं, किंवा उलटं फिरून माणसावर येतं आणि त्या वेळेला हातातली बंदूक रिकामी असते, परत ठासायला मिनिटभर तरी लागणारच. जखमी डुकराच्या सुळ्याने मांडी फाटलेला माणूस ज्याने बघितलाय तो ठासणीची बंदूक घेऊन डुकराच्या मागे जा असं कोणाला सांगणार नाही.

तरीही १९५९ च्या शस्त्र कायद्यात शेतीच्या राखणीसाठी पहिलं नाव ठासणीच्या बंदुकीचंच आहे. कलम १३ वाचून बघा. पण त्याच कलमात पुढे सूट दिलेली आहे, की ठासणीची बंदूक पिकाच्या राखणीला पुरी पडत नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली तर गुळगुळीत नळीची, २० इंचापेक्षा कमी नळी नसलेली दुसरी बंदूक देता येते. म्हणजे १२ बोअरची काडतुसाची बंदूक. ही सूट कायद्यात आहे साहेब, आम्ही नवीन काही मागत नाही, फक्त ती वापरायची कोणाची हिंमत होत नाही कारण वरून लेखी सूचनाच नाही, आणि अभयारण्याजवळ म्हटलं की प्रत्येक अधिकारी हात आखडता घेतो. त्यांचंही चुकतं असं नाही, उद्या काही झालं तर त्यांच्यावरच येणार.

मला रायफल नकोय हे पण इथेच स्पष्ट लिहितो, कारण काही मंडळी ३१५ बोअर पण द्या म्हणतात. त्याला माझा विरोध आहे. रायफलची गोळी किलोमीटरच्या किलोमीटर जाते, आणि आमच्याकडे वाड्या उतारावर, मध्ये पायवाट, त्या वाटेवर पहाटे मासे विकायला निघालेल्या बायका आणि गुरं सोडणारी पोरं. १२ बोअरचा एसजी किंवा एलजीचा, म्हणजे जाड छर्ऱ्यांचा, बार डुकराला जवळून पुरतो आणि थोड्या अंतरावर त्याचा जोर जातो. अशा दाट वस्तीच्या भागात तेच हत्यार बरोबर आहे. काडतुसं पण आपल्या पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात, बाहेरून आणायची गरज नाही.

आता तुमचे अधिकारी म्हणतील की अभयारण्याशेजारी बंदुका वाढल्या की भेकर सांबरांची शिकार वाढेल. ही भीती खोटी नाही, रात्री गाडीतून सर्चलाईट मारत फिरणारे लोक आम्हाला पण माहिती आहेत आणि ते आम्हाला पण नको आहेत. पण बंदूक नाही म्हणून जनावरं वाचतात का? ज्याला परवाना मिळत नाही तो काय करतो ते बघा ना. तो बाईकच्या क्लचच्या वायरची फासकी लावतो, कोणी गावठी बॉम्ब ठेवतो, कुठे कुंपणात करंट सोडतात. फासकी डुक्कर आणि बिबट्या ओळखत नाही, रत्नागिरी सिंधुदुर्गात फासकीत अडकून बिबटे मेल्याच्या बातम्या आपण किती वर्षं वाचतोय. गावठी बॉम्बने गाईचा जबडा उडतो. २०२० साली केरळमध्ये पालक्काडला स्फोटकं भरलेलं फळ चावून गाभण हत्तीण मेली तेव्हा सगळा देश हळहळला, तिथे पण मूळ डुकरांसाठी लावलेला सापळाच होता असं तपासात पुढे आलं. त्याच केरळने २०२२ मध्ये डुकरं मारायची परवानगी द्यायचा अधिकार पंचायतीच्या अध्यक्षापर्यंत खाली आणला. आपल्याकडे बंदुकीच्या संमतीचा अधिकार निदान जिल्ह्यापर्यंत तरी आणा.

आणि हे तुमच्या हातात आहे म्हणून तुम्हाला लिहितोय. कलम ३४ केंद्राचा कायदा आहे, ते बदला असं मी म्हणत नाही. पण कलम ५ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक आपले अधिकार राज्य सरकारच्या मंजुरीने खालच्या अधिकाऱ्याला देऊ शकतात. शेतीसंरक्षक बंदुकीपुरती संमती द्यायचा अधिकार उपवनसंरक्षकांना द्या आणि त्याला मुदत घाला, ३० दिवसांत हो किंवा नाही लेखी कळवा म्हणून. वारसाच्या अर्जाला तर त्याहून कमी. दुसरं, रानडुक्कर आता दुसऱ्या अनुसूचीत आहे आणि उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायचा परवाना कलम ११ खाली देता येतो, तर त्या परवान्यात हत्याराची अट स्पष्ट लिहा : १२ बोअर, जाड छर्रा, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, स्वतःच्या नाहीतर संमती दिलेल्या शेजाऱ्याच्या शेतात. ठासणीच्या बंदुका आवाजाला राहू देत पण मारायच्या परवान्यावर त्या चालवू नका. किती काडतुसं दिली, किती उडाली याचा हिशोब रिकाम्या काडतुसांसकट वनरक्षकाकडे जमा करायला आम्ही तयार आहोत. नेम धरायचं प्रशिक्षण पण सक्तीचं करा, पण ते तालुक्याला ठेवा, मुंबईला नको.

शिशाचा पण विचार व्हावा असं मला वाटतं. जखमी जनावर रानात मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर मांसातलं शिसं त्यांच्या पोटात जातं. इथून फार लांब नाही, म्हसळ्यातल्या चिरगावला गिधाडं टिकावीत म्हणून लोकांनी केवढी मेहनत घेतलीय. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने कॉन्डोर पक्ष्यांसाठी १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्याच बंद केल्या. आपल्याकडे बिनशिशाची काडतुसं सहज मिळत नाहीत हे मला कळतं, पण या पट्ट्यापासून सुरुवात करायला कारखान्याशी बोलणं तरी करा. तोवर मारलेलं डुक्कर उघड्यावर न टाकता पुरायची अट काटेकोर पाळायला लावा.

अजून एक गोष्ट, ही गृहखात्याची आहे पण तुम्ही मंत्रिमंडळात बसता म्हणून सांगतो. २०२४ ची विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे भात पिकून उभं. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येते. लोकसभेला मार्चमध्ये लागली तेव्हा काजू आंबा. खरं तर छाननी समितीने एकेक परवानाधारक बघून ठरवायचं असतं, गुन्हा नसलेल्या शेतकऱ्याची बंदूक सरसकट काढून घ्यायची नसते. तेव्हा शेतीसंरक्षक परवान्यांची यादी वेगळी करून आधीच समितीपुढे ठेवायला सांगा, दर वेळेला शेवटच्या आठवड्यात धावाधाव नको.

आमच्याकडे गणपतीनंतर हळवं, म्हणजे लवकर येणारं भात निसवायला लागतं, लोंब्या बाहेर येतात आणि डुकरं त्याच सुमारास खाली उतरतात. आदेश काढायचा असेल तर श्रावणाच्या आत काढा म्हणजे अर्ज, तपासणी, प्रशिक्षण याला वेळ मिळेल. आणि मसुदा करताना एकदा फणसाडच्या कडेच्या गावांची बैठक घ्या, वनखातं, पोलीस आणि शेतकरी एकत्र बसवा, आम्ही कागदपत्रं घेऊन येतो.

आपला,
फणसाडच्या शेजारचा एक शेतकरी
ता. मुरुड, जि. रायगड