अण्णांच्या तिकिटांचे किती येतील?

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मी फोन मधेच ठेवला, ते चुकलं माझं. तू एवढंच विचारलं होतंस, "अण्णांच्या तिकिटांचे किती येतील?" आणि मी अण्णांच्या नावाने भाषण ठोकलं. नंतर तुझी आई म्हणाली, "माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, ओरडायचं कशाला?" माहीत नव्हतंच. म्हणून अण्णांच्या पोस्टाच्या तिकिटांचे चारही आल्बम काढले आणि गेले पाच दिवस भिंग घेऊन बसलोय. तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. तुला पैसे कशासाठी हवेत, हे मी विचारणार नाहीये.

आधी वाईट बातमी. पहिल्या तीन आल्बमांचं फारसं काही येणार नाही. तुझी ती फुलपाखरं, जहाजं, त्रिकोणी तिकिटं आठवतात? त्यांच्यावरचा शिक्का बघ: अगदी कोपऱ्यात, पाव वर्तुळ, सुबक. तिकीट उलटं केलं तर डिंक जसाच्या तसा. म्हणजे ते कधी पाकिटावर लागलंच नाही. कित्येक देशांनी अशी तिकिटं तावच्या ताव शिक्के मारून पोरांना विकण्यासाठीच काढली. ज्यांच्यावर खरोखर पोस्टात शिक्का बसला, तीही बहुतेक रोजच्या वापराची, कोट्यवधींनी छापलेली.

कॅटलॉगमधून एकेक किंमत लिहून काढली, बेरीज केली आणि रात्री झोप लागली नाही, इतकी मोठी आली. सकाळी कॅटलॉगची प्रस्तावना वाचली. किंमत दुकानदार विकतो ती, घेतो ती नाही. तीही तिकीट निर्दोष असेल तर. आणि सगळ्यात कमी किमतीचा जो आकडा असतो, तो तिकिटाचा नसतोच. तेवढं एक तिकीट शोधून पाकिटात घालून देण्याची ती मजुरी. आपली निम्मी बेरीज मजुरीचीच होती! तेव्हा इंटरनेटवर कोणी काय मागतंय ते बघू नकोस, लिलावात प्रत्यक्ष कितीला गेलं ते बघ. घरभाडं त्यावर अवलंबून ठेवू नकोस. ठेवलं नसशीलच. असो.

जुनं म्हणजे महाग हेही खरं नाही. दुसऱ्या आल्बमच्या पहिल्या पानावर एक रिकामी चौकट आहे, खाली अण्णांच्या अक्षरात पेन्सिलीने 'पेनी ब्लॅक, १८४०'. जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट. मी लहानपणापासून समजत होतो की ते राजेमहाराजांकडेच असतं. ६ कोटी ८० लाखांच्या आसपास छापली होती! आजही मिळतात. तेव्हा तिकिटांना दाते नव्हते, कात्रीने कापून द्यायचे, आणि घाईत कात्री चित्रात शिरायची. चारही बाजूंना कोरी पट्टी शाबूत असेल तर भाव वेगळा, एखादी कापली गेली असेल तर वेगळा. कापलेलं एखादं अण्णांना परवडलं असतं, असं मला आता वाटतं. त्यांनी चौकट रिकामीच ठेवली.

कात्रीवरून सांगतो. तुला हे कधी सांगितलेलं नाही. मी दहा वर्षांचा असेन. अण्णा कामावर गेले होते, आणि तिकिटांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात म्हणून मी एका पानावरच्या अकरा तिकिटांचे दाते कापून सरळ केले. पट्टी लावून, नीट. अण्णांनी पान पाहिलं आणि चष्मा पुसला. एवढंच. परवा ते पान सापडलं. अकराही तिकिटं तशीच परत लावलेली, खाली देशाचं नाव, साल आणि दात्यांचा आकडा: दोन सेंटिमीटरमध्ये १४. नसलेल्या दात्यांचा आकडा! त्या पानाची किंमत शून्य. ते मी तुला देणार नाही.

आता चौथा. तो खरं तर आल्बम नाहीच, पत्रांची पाकिटं आहेत, तिकिटं लावलेलीच. काही असलं तर इथेच असेल. पाकिटावरचे शिक्के, कुठून कसं गेलं, किती वजनाला किती दर, याला मोल असतं. तेव्हा एकही तिकीट सोडवायचं नाही, पाण्यात घालायचं नाही. अण्णा परातीत तिकिटं भिजवायचे आणि तू पंखा बंद करून पहारा द्यायचीस, ते सुट्या तिकिटांचं झालं. 'सुओमी' म्हणजे फिनलंड, 'मग्यार' म्हणजे हंगेरी, आणि नावच नसेल तर ब्रिटन, हे तू सातव्या वर्षी पाहुण्यांना घडाघडा सांगायचीस. मन्याला अजून येत नाही.

दोन जाणकारांना वेगवेगळं दाखव. पहिल्याने 'सगळं मिळून अमुक देतो' म्हटलं तर हो म्हणू नकोस. एखादं खरंच चांगलं निघालं तर विकण्याआधी अस्सलपणाचं प्रमाणपत्र घे, पण त्याची फी तिकिटापेक्षा जास्त होत नाही ना, ते आधी बघ. घाई करू नकोस. घाईत विकणारा समोरच्याला कळतो. एका बारा वर्षांच्या मुलाने १८७३ मध्ये घरातल्या जुन्या पत्रांत सापडलेलं ब्रिटिश गयानाचं एक सेंटचं तिकीट काही शिलिंगांना देऊन टाकलं. २०१४ मध्ये ते सुमारे ९५ लाख डॉलरला गेलं. अर्थात २०२१ मध्ये ८३ लाखांनाच गेलं, म्हणजे तिथेही कोणीतरी तोट्यात आलंच.

बघ, परत शिकवायला लागलो. माफ कर. नोकरी सोडलीस ते मला पटलंय. आत्याने नाक मुरडलं तेव्हा मी म्हटलं, आमच्या घरात एवढी हिंमत आजवर कोणी केली नव्हती. तुला मात्र सांगायचं राहिलं. पण तिकिटं विकायचं मनात यावं इतकी वेळ आली असेल, तर ते मला तिकिटांच्या आडून कळू नये.

पाकिटं मी स्वतः घेऊन येतो. पोस्टाने पाठवायचा धीर होत नाही, हसलीस तरी चालेल.

तुझे,
बाबा

ता. क. चिमटा सापडला. बोथट टोकांचा तो अण्णांचा, टोकदार तो आईचा भुवयांचा. मी पाच दिवस चुकीचाच वापरत होतो. आणि या महिन्याचं भाडं भरलंस का, तेवढं कळव.