बचत चहाच्या कपात नको, विजेच्या बिलात शोधा

मा. संपादक, स. न.

महागाईचा विषय निघाला की बाहेरचा चहा सोडा, रिक्षाऐवजी पायी जा, असे सल्ले सुरू होतात. त्यात रोज मन मारावं लागतं आणि महिनाअखेर हाती फारसं उरत नाही. दरमहा न चुकता होणाऱ्या खर्चाकडे आधी पाहावं, असं मला वाटतं.

विजेचंच घ्या. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे: १०० युनिटपर्यंत एक, ३०० पर्यंत त्याहून बराच जास्त, पुढे आणखी चढा. ३०० ओलांडले की सगळंच बिल महाग होतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही, चढा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. म्हणूनच वाचलेलं युनिट हे आपल्या बिलातलं सर्वांत महाग युनिट असतं. साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास वीज खातो, बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३०च्या आसपास. आपल्याकडच्या दमट हवेत पंखा दिवसाला १६ तास फिरला, तर एका पंख्यामागे महिन्याला २१ युनिट वाचतात. नवा पंखा महाग पडतो हे खरं. म्हणून सगळे एकदम बदलू नयेत. घरात जो सर्वाधिक फिरतो, बहुधा हॉलमधला, तो आधी बदलावा.

ठाणे-वाशी लोकलने रोज जाणाऱ्यांनी मासिक पासाऐवजी त्रैमासिक काढावा. तीन महिन्यांचा पास २.७ मासिक पासांच्या किमतीत मिळतो. वार्षिक पासातही सवलत याच प्रमाणात आहे, त्यामुळे मोठी रक्कम अडकवायचं कारण नाही.

रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांच्या पाकिटावर ब्रँडच्या नावाजवळ औषधाचं मूळ नाव असतं. ते डॉक्टरांना दाखवून जनऔषधी केंद्रातलं, मूळ नावाने विकलं जाणारं औषध चालेल का, हे विचारावं. अनेक गोळ्या तिथे निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसोबत शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कुणीतरी जायलाच हवं.

लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांचं बिलही शेवटी आपल्याच मेंटेनन्समधून जातं. पीएम सूर्यघर या केंद्र सरकारच्या छतावरील सौरऊर्जेच्या योजनेत सामायिक वापराच्या सौर यंत्रणेसाठी सोसायट्यांना प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायच्या असतात. ज्यांची गच्ची मोकळी आहे, त्या सोसायट्यांनी हा विषय यंदाच्या सभेपुढे ठेवावा, ही कळकळीची विनंती.

एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई