विणत विणत योग

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. परीक्षेत कायद्यातली व्याख्या शब्दशः लिहायची आहे आणि तिसऱ्या-चौथ्या शब्दाला गाडी अडते, ही तुझी तक्रार समजली. तू उतारा पुन्हा पुन्हा वाचत बसतोस, तिथेच घोळ आहे. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं की झालं पाठ, असं मन परस्पर ठरवून टाकतं.

त्यापेक्षा घर कामाला लाव: अडणाऱ्या प्रत्येक शब्दाचं एक चित्र करून ते घरातल्या ओळखीच्या जागी ठेवायचं, आणि आठवताना मनातल्या मनात त्या जागांवरून चालत जायचं. युक्ती फार जुनी आहे. सिसेरोने इ.स.पू. ५५ मध्ये सांगितलेली गोष्ट अशी: सिमोनिडीस नावाचा ग्रीक कवी मेजवानीतून क्षणभर बाहेर गेला आणि मागे छत कोसळलं. प्रेतं ओळखू येईनात. तेव्हा कोण कुठे बसलं होतं ते आठवून त्याने एकेकाची ओळख पटवली. गोष्टीत मीठमसाला किती ते सोड, पण जागा आपल्याला न घोकता लक्षात राहतात हे खरंच आहे. अंधारात स्वयंपाकघरातला स्विच तुझ्या हाताला बरोबर सापडतो, तो काय तू पाठ केला होतास?

तुझ्या उताऱ्याच्या धर्तीवर मी एक वाक्य रचलंय: ‘जो कोणी वाजवी कारणाशिवाय, आपल्याकडे सोपवलेल्या मालमत्तेचा अपहार, विनियोग किंवा विल्हेवाट करील...’ आता दारापासून आत ये. बेलपाशी एकजण उभा आहे आणि काही कारण नसताना बेल वाजवतोय. झालं ‘वाजवी कारणाशिवाय’. आत भिंतीवरच्या घड्याळाला घातलेला हार आपोआप घसरत खाली येतोय: अपहार. सोफ्यावर एक गृहस्थ शीर्षासनात, आणि वर गेलेल्या पायांनी चक्क स्वेटर विणतायत. विणत विणत योग, म्हणजे विनियोग. नुसतं शीर्षासन ठेवलंस तर परीक्षेत ‘उपयोग’ लिहून येशील, म्हणून त्या सुया हव्यातच. शेवटी कचऱ्याचा डबा: विल्हेवाट. क्रम वेगळा पाठ करावा लागत नाही, पाय नेतात तसे शब्द येतात.

‘सोपवलेल्या मालमत्तेचा’ याला मी चित्र दिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. ते मुद्दाम. क्विन्टिलियन हा इसवी सनाच्या पहिल्या शतकातला वक्तृत्वाचा रोमन शिक्षक. त्याने या पद्धतीवर नेमकं बोट ठेवलं होतं: प्रत्येक शब्दाला चित्र शोधत बसलात तर बोलण्याचा ओघ तुटेल, आणि उभयान्वयी अव्ययांना चित्र आणणार कुठून? मला त्याचं पटतं. ‘आणि’, ‘परंतु’, ‘अन्यथा’ हे वस्तूंवर टांगायला गेलास तर घराचं गोदाम होईल. जिथे जीभ अडखळते तेवढेच शब्द टांग, मधला मजकूर अर्थाच्या आणि लयीच्या जोरावर येतो. त्यासाठी आधी वाक्य समजलेलं हवं. न समजलेलं वाक्य टांगून काही उपयोग नाही.

वस्तू निवडताना एक सांभाळ. लूरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाने शेरेशेव्स्की नावाच्या, स्मरणशक्ती अचाट असलेल्या माणसाचा अनेक वर्षं अभ्यास केला. हा गृहस्थ शब्द रस्त्याच्या कडेने मांडत जायचा. एकदा ‘अंडं’ विसरला, कारण ते त्याने पांढऱ्या भिंतीपाशी ठेवलं होतं आणि मनातल्या मनात चालताना ते दिसलंच नाही! म्हणून चित्र उठून दिसेल अशी जागा घे. एकसारख्या चार खुर्च्या असतील तर त्यांतली एकच वापर. स्मरणाच्या या पद्धतीवरच्या एका प्राचीन रोमन पुस्तकातही असाच सल्ला आहे: जागा फार अंधाऱ्या नकोत, एकमेकींसारख्या नकोत आणि दर पाचव्या जागेला एखादी खूण हवी.

हे सगळं थोतांड वाटत असेल तर एक आकडा देतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साध्या माणसांना सहा आठवडे हीच पद्धत शिकवली. आधी ७२ शब्दांपैकी सरासरी २६ आठवत होते, नंतर ६२. अर्थात ते सुटे शब्द होते. वाक्याची गोष्ट वेगळी, ते समजूनही घ्यावं लागतं. त्यामुळे आकडा पाहून हुरळू नकोस.

चित्रं मांडून झाली की पुस्तक मिटून कागदावर लिहून काढ. जो शब्द चुकेल तिथलं चित्र बदल, शब्दाला दोष देऊ नकोस. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिही, मग दोन-तीन दिवस सोडून. एकदा डब्यापासून दाराकडे उलटाही चाल. कोणतं चित्र फिकं पडलंय ते तेव्हा बरोबर कळतं.

दुसरी व्याख्या लगेच त्याच सोफ्यावर बसवू नकोस, दोन्ही एकमेकींत मिसळतील. पहिली नीट मुरेपर्यंत दुसरं घर घे. माझं घे हवं तर, तुला ते तोंडपाठ आहे. फक्त पुस्तकांचं कपाट आता खिडकीच्या डाव्या अंगाला हलवलंय, तेवढं ध्यानात ठेव.

तुझा,
जुना मित्र