सईला न्यायला येतेय

डोंबिवली

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "रेंज नाही" म्हणत मागीलदारी जातात आणि आई, तू "जेवलीस काय?" म्हणून बोलणं फिरवतेस. म्हणून पत्र लिहिते. सईची अकरावी डोंबिवलीला. ठरलं आहे. रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागायच्या आत मी येते आणि तिला घेऊन जाते.

दहावीपर्यंत तुमच्याकडे, हे आपलं तेव्हाच ठरलं होतं. त्या वर्षाचं बाकी काही आता उगाळत नाही. मालवणात चांगली कॉलेजं नाहीत असंही मी म्हणत नाही. पण जून ते सप्टेंबर शेवटची एसटी चुकली की आई, तू दुखरा गुडघा घेऊन पडवीत बसून राहणार आणि बाबा छत्री घेऊन तिठ्यावर. आणखी दोन वर्षं हे तुमच्या गळ्यात नको. तुम्ही थकलात असं म्हणायचं नाहीये. थोडं कमी धावावं, इतकंच.

आता एक गोष्ट. अकरावीचा ऑनलाइन अर्ज मी परवा उघडायला गेले, तर पासवर्ड बदललेला. खटपट करून आत शिरले. त्यात दहापर्यंत कॉलेजं पसंतीक्रमाने भरता येतात. पहिल्या नंबरावर डोंबिवलीचं हवं होतं, तिथे मालवणचं. पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. फॉर्म लॉक झाला नव्हता म्हणून बदलता आला. बाबा, पासवर्ड बदलायचा ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो. मी काही विचारत नाही.

पण आई, "काय गो ह्यां चेडू, माका झेपणा नाय" हे तूच म्हणायचीस ना? आणि खोटं नव्हतं ते. शाळेतल्या अमृत कोकमाचंच घे. एक किलो रतांब्याच्या सालींना दोन किलो साखर लागते. बरणीत सालींचा थर, साखरेचा थर, तोंडाला फडकं, आठवडाभर ऊन आणि रोज एकदा ढवळणं. साखर पूर्ण विरघळली की गाळायचं. सईने एक किलोला अर्धाच किलो साखर घातली. एवढ्या कमी साखरेत रस टिकत नाही, आंबतो आणि त्याचा वायू धरतो. हा रस तिने प्लास्टिकच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरला, झाकण पिळून लावलं आणि शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात मैत्रिणींना चाखवायला दप्तरातून नेला. गणिताच्या तासाला बाटलीने झाकण उडवलं. छत, फळा, हजेरीपट आणि पहिल्या बाकावरच्या तिघींचे पांढरे दुपट्टे, सगळं लालभडक. ते दुपट्टे तू वॉशिंग सोड्यात बुडवलेस आणि ते निळे-जांभळे झाले, कारण कोकमाचा रंग खाराने बदलतो. डागावर आधी लिंबू चोळायचं, मग साबण. मुख्याध्यापकांपुढे उभं राहायला बाबा गेले. साखर कमी का घातलीस, असं मी तिला मागाहून विचारलं तर म्हणाली, "आजोबांना डायबेटिस आहे ना." यावर काय ओरडणार?

बाबा, तरीही अमृत कोकम तुम्ही पिऊ नका, कमी साखरेचंही नको. त्याच्या बदल्यात कोकमाचं खारं आगळही ओतून घेऊ नका. आगळ टिकतं तेच मिठावर, लिटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, आणि तुमचं ब्लडप्रेशर मला माहीत आहे. सोलकढीत वाटीला एक चमचा आगळ पुरे, आणि वरून आणखी मीठ नाही.

खाडीतल्या तिसऱ्यांची, त्या शिंपल्यांची गोष्ट तुम्ही माझ्यापासून महिनाभर लपवलीत, ती तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळली. भरतीचा हिशोब तिला बाबांनीच शिकवला, तिथीची पाऊणपट. संकष्टी म्हणजे चतुर्थी, चार पाऊण तीन, दुपारी तीनला पूर्ण भरती. म्हणजे ओहोटी नवाच्या सुमारास. गणित बरोबर होतं. दहावीचे जादा तास बुडवून तिघी सव्वानऊला खाडीत उतरल्या, आणि तिथेच चुकलं. तिसऱ्यांना ओहोटी संपायच्या तासभर आधी उतरायचं आणि पाणी फिरलं की निघायचं. या तिघी वाळूच्या पट्ट्यावर बसून फोटो काढत राहिल्या. भरतीचं पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिला तास नुसतं पायाशी खेळतं, मधल्या दोन तासांत निम्मं भरतं. अकरानंतर पट्टा चारी बाजूंनी तुटला. डोक्यावर चपला, चपलांवर टोप, टोपात तिसऱ्या, अशा अवतारात त्यांना होडीवाल्याने आणून सोडलं. घरी येऊन तिने तिसऱ्या वाळू सुटायला नळाच्या पाण्यात ठेवल्या. गोड्या पाण्यात त्या घट्ट मिटतात, वाळू आत ती आतच. खाडीच्याच पाण्यात तीन-चार तास ठेवायच्या, नाहीतर मीठ घातलेल्या पाण्यात. उकडल्यावर जी उघडत नाही ती टाकून द्यायची. एवढं करून त्या रात्री जेवायला काय, तर वाळूचं सुकं. बाबांनी दोनदा वाढून घेतलं म्हणे.

निरोप समारंभाच्या आदल्या दिवशीचं मात्र मला फोटोत दिसलं. आई, तुझी मोरपिशी नऊवारी सहावारीसारखी गुंडाळलेली आणि कपाळावर केसांची एक बट, भुवईच्या दोन बोटं वर छाटलेली. तुझ्या हाताला त्रास नको म्हणून फणसाची कुयरी तिने स्वतः कापायला घेतली. सुरीला तेल नाही, हाताला तेल नाही. चीक लागल्यावर हात पाण्याखाली धरले. पाण्याने फणसाचा चीक जात नाही. आणि त्याच हातांनी तोंडावरचे केस मागे सारले. खोबरेल चोळून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, चीक फडक्याने पुसून काढायचा आणि मग शिकेकाई. धीर धरला असता तर बट वाचली असती, पण मैत्रीण शेजारी आणि कात्री हाताशी. आई, साडीचा डाग तेलाने काढू नकोस, तेलाचा वेगळा डाग पडेल. मी आले की बघते.

दिवाळीत माझं तिकीट तिने काढलं त्याबद्दल तर बाबांची मी अजून माफी मागितलेली नाही. तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तिकिटावर शनिवार पाहिजे. तिने शुक्रवार टाकला. मी दादरला पोचले तेव्हा गाडी आदल्याच रात्री गेलेली, आणि बाबा कुडाळ स्टेशनवर सकाळपासून बिस्किटाच्या पुड्यासह. या वेळी तिकीट मी काढलं आहे, तारीख तीनदा वाचून. बाबा, स्टेशनवर येऊ नका. मी रिक्षा करून येईन.

आता तुमच्या सोयीचं. मी चार दिवस राहणार आहे आणि या चार दिवसांत पुढची कामं होणार, यावर चर्चा नको. न्हाणीत आणि संडासात धरायला दांडी. चिऱ्याच्या भिंतीत साध्या प्लगवर स्क्रू सैल होतो, म्हणून लांब अँकर बोल्ट मी इथूनच आणते. मागच्या पायऱ्यांवर पहिल्या सरींनंतर शेवाळ धरतं. ब्लीचिंग पावडर टाकून अर्धा तास ठेवायचं आणि काथ्याच्या ब्रशने घासायचं. हे काम गड्याकडून, आई तू नाही. विहिरीच्या पंपाचा फुटव्हॉल्व्ह गळतो, तो बदलून घेते. तोवर बाबा, नरसाळ्याने पाणी ओतत राहायचं, बुडबुडे थांबले की बूच घट्ट लावायचं आणि मगच बटण. मिनिटभरात पाणी आलं नाही तर बंद करा. कोरडा पंप चालला की आतलं सील जळतं. गोळ्यांसाठी सात कप्प्यांचा डबा आणते. रविवारी रात्री व्हिडिओ कॉलवर सई समोर बसेल आणि तुम्ही तो भराल. सकाळची प्रेशरची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. बरं वाटतंय ते त्या गोळीनेच.

आई, तू म्हणशील, तिला तिकडे कोण पेज देणार? उकडे तांदूळ दहा किलो मी घेऊनच जाणार आहे. तुझ्यासारखी होणार नाही, माहीत आहे. ताटलीत पसरून, कडेकडेने फुंकर घालत तू भरवायचीस ती पेज मला अजून जमत नाही, खालून लागते. तुझा तो जाड बुडाचा टोप मागू का? नको, राहू दे. तुम्हाला लागेल.

दर मे महिन्यात आणि गणपतीत ती येईल. गणपतीची गाडी साठ दिवस आधी उघडते, त्या दिवशी सकाळी आठच्या आधीच मी मोबाइल घेऊन बसणार. आंब्याची अढी यंदा बाबांनी एकट्याने घालू नये. पेंढ्यावर वाकून दोन-तीन दिवसांनी फळं परतायची म्हणजे कंबर गेली. शेजारच्याला सांगा, पैसे मी देते.

घरभर चिठ्ठ्या चिकटवत सुटली आहे, भिंतीचा रंग जाईल, अशी तुझी तक्रार होती ना आई? पंपाच्या बटणावर, फ्रीजवर, देवघराच्या कपाटावर, मिक्सरवर. तू फोटो पाठवलेस तेव्हा मी नीट वाचल्या. पंपावर "आजोबा, आधी पाणी, मग बटण." गॅसवर "आजी, खालचा नॉब." आणि तुमच्या मोबाइलच्या मागे, "सईला व्हिडिओ कॉल: हिरवं चित्र, वरून दुसरं नाव." या सगळ्या तिने परीक्षा संपल्यापासून लिहिल्या. अर्जात मालवण टाकलं, तरी चिठ्ठ्या लिहीतच होती. भिंत मी रंगवून देईन. काढू नका.

तुमची,
बाय

ता. क. कोकमाची ती बरणी अजून माळ्यावर आहे असं सई म्हणते. बाबा, शिडीवर चढू नका. झाकण मी येऊन सैल करते, अंगणात.